पहिल्या पर्यायावर खूण होतीच

रविवार, ३ ऑगस्ट २०२५. मुलुंड पूर्व.

ऑफिसात मी सगळ्यांना बजावत असतो, जे केलं ते त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा, म्हणजे नंतर कोणी विचारलं तर तोंड लपवावं लागत नाही. घरी हा नियम मी कधीच पाळला नाही. आजपासून पाळतो. उद्या थोरली बहीण माधुरी नागपूरहून फोनवर ओरडेल, तू हे केलं नाहीस, ते केलं नाहीस. तेव्हा ही वही पुढे टाकता येईल.

तर नोंद. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन सहा आठवडे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालतो, पण त्यात पेन दिलं की कागदावर नुसत्या वाकड्या रेघा येतात. मान तर त्यांची दहा वर्षांपासून कंपाने हलतेच आहे, त्यामुळे हो म्हणतात की नाही ते कळत नाही. मध्येच हसतात, मध्येच रडतात. डॉक्टर म्हणाले, बोलायचे स्नायू गेलेत हे नक्की, समज किती राहिलीय ते आज सांगता येणार नाही. "आजोबा, माझं बोट दाबा," असं म्हटल्यावर बाबांनी दाबलं. "आता सोडा," म्हटल्यावर सोडलंच नाही. शेवटी मी सोडवलं.

प्रश्न सरळ आहे. दिवसा त्यांच्याकडे बघणाऱ्या मावशी महिनाअखेरीस गावी चालल्यात. मी मरोळला ऑफिसात असतो, बायको सुलक्षणा शाळेत शिकवते. बाबांना समजत असेल, भूक-तहान सांगता येत असेल, तर दुसरी बाई बघून त्यांना घरीच ठेवता येईल. समजत नसेल तर बदलापूरच्या पुढे एक केंद्र आहे, तिथे चोवीस तास माणसं असतात. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलायला काहीतरी साधन द्या, महिनाभर बघा, मग ठरवू.

साधन कसलं द्यायचं याचा विचार करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. खंडू तायडे, न्यायालयात चौतीस वर्षं मराठी टंकलेखक. त्यांना कीबोर्ड द्यायचा.

मंगळवार, ५ ऑगस्ट.

ऑफिसात धावपळ. विंडोज दहाचा आधार ऑक्टोबरात संपतोय आणि आमची जुनी यंत्रं पुढचं विंडोज घेत नाहीत. एकशे चाळीस संगणकांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकायची आहे. आज सगळ्या विभागांना बोलावून सांगितलं की सगळीकडे एकच साचा असेल. लिनक्स बसवताना प्रत्येक पायरीला विचारतं, आम्ही ठरवलेलं चालेल की तुम्ही तुमचं ठरवता? आपण आपलं काहीही ठरवायचं नाही. डीफॉल्ट ठेवायचं आणि पुढे जायचं.

यामागे इतिहास आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे श्रेयस म्हणून एक अतिहुशार गृहस्थ होते. प्रत्येक विभागाच्या आवडीप्रमाणे त्यांनी सेटिंग्ज शिवून दिली, कुठे काय केलं ते लिहून ठेवलं नाही, आणि कॅनडाला गेले. महिन्याने सर्व्हर पडला. दोन दिवस एकही ट्रक गेटबाहेर पडला नाही आणि मालकांसमोर मान खाली घालून मी उभा. तेव्हापासून माझ्या टेबलावर चिठ्ठी आहे: "चालतंय ना? हात लावू नका." लोक हसतात. हसोत.

मीटिंग संपल्यावर डिस्पॅचचे सीताराम घुटमळत होते. सरकारी कचेऱ्यांची मराठी पत्रं हेच करतात, दोन वर्षांत निवृत्त होतील.

"तायडेसाहेब, माझं मराठी तेवढं बघा हां. माझ्या मशीनवर वेगळं टाकून घेतलेलं हाय."

"मराठी येतं त्यात, सीताराम. सरकारी प्रमाणाचं येतं. काळजी करू नका."

"नाय, पण ता जरा..."

"तुमचं सगळ्यात शेवटी करू," म्हटलं आणि निघालो. प्रत्येकाला आपलं वेगळं हवं असतं.

रविवार, १० ऑगस्ट.

ऑफिसातून भंगारात काढलेला एक संगणक आणला आणि बाबांच्या खोलीत लावला. सकाळी लिनक्स चढवलं, पाऊण तासात काम झालं. भाषा मराठी. कीबोर्ड मराठी. तिथे मराठीखाली चार-पाच प्रकारांची यादी आली, पण पहिल्या पर्यायावर खूण होतीच. पुढे. अपंगांसाठी सोयी हव्यात का, म्हणून विचारलं. बाबांना अपंग म्हणायला मन झालं नाही. पुढे.

माधुरीचा फोन आला तेव्हा मी स्क्रू आवळत होतो.

"प्रीत्या, इतका खटाटोप कशाला रे? एका पुठ्ठ्यावर अ आ इ ई लिही मोठ्या अक्षरात. बोट ठेवतील ते."

"ताई, मी एकशे चाळीस मशीन सांभाळतो. माझ्या बापाला बालवाडीचा तक्ता लावू?"

"मग कीबोर्डवर निदान मराठी अक्षरांचे स्टिकर तरी लाव."

"चाळीसच्या वेगाची परीक्षा पास झालेत ते. त्यांना अक्षरं बघावी लागत नाहीत."

तिने विषय सोडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बाबांना खुर्चीत बसवलं. कीबोर्ड बघून त्यांचा चेहरा असा उजळला की सुलक्षणाने मला कोपराने ढोसलं. डावा हात कीबोर्डवर ठेवला, मधल्या ओळीतल्या कळेवरचा उंचवटा चाचपून पाहिला आणि स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघत दाबायला लागले. एका हाताने, पण ठाम. आम्ही वाकून बघतो तर:

रकूक दकज

मी म्हटलं, "बाबा, तुमचं नाव लिहा ना." त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. रकूक दकज. मग स्क्रीनकडे नजर गेली आणि बघतच राहिले. पुन्हा लिहिलं, तेच आलं. मग तळहाताने कीबोर्डवर फाडकन मारलं.

पहिला दिवस आहे. होईल सवय.

बुधवार, १३ ऑगस्ट.

सवय होत नाही. संध्याकाळी भात भरवू का विचारलं. हकुप. टीव्ही लावू? हकुप. पंखा मोठा करू? हकुप. भात भरवायला गेलो तर तोंड घट्ट मिटलं. पोट बिघडलेलं होतं हे मावशींनी नंतर सांगितलं.

मग एकदम कपाटाकडे बोट दाखवायला लागले. कपाट उघडलं. शर्ट दाखवला, धोतर दाखवलं, औषधांचा डबा दाखवला. बोट खालच्या खणाकडे. तिथे वर त्यांचा राखाडी सफारी होता, निवृत्तीच्या दिवशी घातलेला. तो काढून मांडीवर ठेवला. "ऑफिसला जायचंय का बाबा?" मी हसत विचारलं. त्यांनी सफारी जमिनीवर फेकला आणि रडायला लागले.

त्यांना वाटतंय की अजून नोकरी चालू आहे. वाईट वाटलं. सफारी घडी करून परत ठेवला.

शनिवार, १६ ऑगस्ट.

मावशी सुट्टीवर. सुलक्षणा शाळेच्या कार्यक्रमाला गेलेली. मी बाबांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन काम करत बसलो. दुपारभर बाबांनी एकच शब्द लिहिला. सात वेळा. इथे उतरवून ठेवतो, कारण डॉक्टरांना नमुना हवाय:

गक.कप

शब्दाच्या मधोमध पूर्णविराम! इतकी वर्षं न्यायाधीशांचे निकाल टाईप केलेला माणूस शब्दाच्या पोटात पूर्णविराम देतो. आता मला शंका राहिलेली नाही, पण माधुरीला हे कोण सांगणार.

सहाला सुलक्षणा आली. "ओठ बघ त्यांचे, सोलवटलेत," म्हणाली आणि पाणी दिलं. दोन पेले घटाघटा प्यायले. मी सारखा तिथेच होतो, पण काही मागितलं असतं तर कळलं असतं ना.

गुरुवार, २१ ऑगस्ट.

घरात एक नवा शब्द आलाय. आज कोणती भाजी, विचारलं तर सुलक्षणा म्हणाली, "हकुप." इतके हसलो दोघं, किती दिवसांनी. आता लिफ्ट बंद पडली की हकुप, नेट गेलं की हकुप, तिच्या मुख्याध्यापिकांचं नवं परिपत्रक म्हणजे महाहकुप. बाबा आतून ऐकत होते. तेही हसले, मग बराच वेळ रडले. या दोन्हीचा त्यांच्या मनाशी संबंध असेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.

काल एक वेगळा शब्द आला होता, ाकयकौरप. कान्यापासून सुरू होणारा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. स्क्रीनवर त्या कान्याआधी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येतं, अक्षराची जागा राखून ठेवल्यासारखं. तेव्हाच माधुरीचा फोन वाजत होता. त्यांनी फोनकडे हात केला, मी आवाज बंद केला. तिच्याशी बोलायचं त्राण नव्हतं.

रविवार, २४ ऑगस्ट.

आज स्पष्ट विचारलं. त्यांच्या समोर बसून, हात हातात घेऊन. माझ्यावर कोणी ठपका ठेवू नये.

"बाबा, बदलापूरकडे एक चांगली जागा आहे. झाडं आहेत, नर्स आहेत, व्यायाम करून घेतात. जायचं ना तिथे?"

हकुप हकुप हकुप हकुप हकुप

पूर्ण ओळ भरली. दुसरी सुरू केली. मी हात धरून थांबवला. सुलक्षणा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "प्रीतम, प्रत्येक वेळी अक्षरं तीच कशी रे येतात? वेडंवाकडं दाबलं असतं तर वेगवेगळी आली असती ना?"

मी म्हटलं, बोटाला एक जागा सापडली की तीच दाबली जाते. ती म्हणाली, "तुला कळतं त्यातलं." आणि कुकर लावायला गेली.

मंगळवार, २६ ऑगस्ट.

डॉक्टरांना सगळ्या ओळी छापून नेऊन दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून वाचल्या. "एकाच गोष्टीची पुनरावृत्ती दिसतेय," म्हणाले. "पण मला सांगा, हा कीबोर्ड त्यांच्या सवयीचाच आहे ना?"

"चौतीस वर्षांची सवय आहे," मी म्हटलं.

"मग कठीण आहे."

केंद्रात फोन केला. एक तारखेपासून जागा आहे, आदल्या दिवशी आणा म्हणाले. माधुरी फोनवर म्हणाली, "दसऱ्यापर्यंत थांब रे, मी येते, मी बघते." आल्यावर चार दिवस राहणार आणि जाणार. रोजचं कोणी बघायचं? मी नाही म्हटलं. तिने फोन ठेवला.

रविवार, ३१ ऑगस्ट.

सोडून आलो. सकाळी गाडी यायच्या आधी बाबांना शेवटचं संगणकासमोर बसवलं, त्यांनीच तिकडे हात केला म्हणून. त्यांनी लिहिलं:

रकूक ह्के

मी प्लग काढला.

केंद्रातल्या पलंगावर बसवून निघताना त्यांनी माझं बोट धरलं. डॉक्टरांचं धरलं होतं तसंच. सोडा म्हटलं तरी सोडेनात. तिथल्या एका बाईंनी हलक्या हाताने एकेक बोट उलगडून सोडवलं. जागा स्वच्छ आहे. झाडं खरंच आहेत.

सोमवार, २९ सप्टेंबर.

महिनाभर वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसात सव्वाशे यंत्रं झाली, एकही तक्रार नाही. मालकांनी पाठ थोपटली. डीफॉल्टचा विजय.

बाबांना दोनदा भेटून आलो. एकदा झोपलेले होते. दुसऱ्यांदा जागे होते, पण भिंतीकडे तोंड करून. मी पाऊण तास खुर्चीवर बसून मोबाईल बघितला आणि आलो. बाबांची खोली आता रिकामी आहे. संगणकावर मी कापड टाकलंय.

माधुरी बोलत नाही. दसऱ्याला इकडे येण्याचं तिने रद्द केलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.

आजचं आजच लिहायचं.

शेवटचं यंत्र सीतारामांचं होतं. काल बसवून दिलं. आज अकराला ते माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले.

"साहेब, वाट लागली माझी. एक ओळ धड येत नाय."

"मराठी निवडलंय ना?"

"मराठीच हाय. पण ही मांडणी माझी नाय. माझी बोटं टायपरायटरवरची, कोर्टात नि कचेरीत सगळे जुने लोक तीच मारायचे. हा सरकारी नवा प्रकार, ह्यात सगळी अक्षरां दुसऱ्याच जाग्यावर. मी एक लिवतंय, दिसतां भलतांच. चला, दाखवतंय."

गेलो. त्यांनी कीबोर्डकडे न बघता, माझ्याकडे बघत चार कळा दाबल्या.

"मी लिवलंय 'नाही'. आता वाचा काय आला ता."

स्क्रीनवर होतं: हकुप.

मी काय म्हणालो ते आठवत नाही. सीतारामांनी मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणायला गेले. त्यांचं यंत्र समोर उघडं होतं. सेटिंगात गेलो, कीबोर्ड, मराठी. तीच यादी आली. पहिल्या पर्यायावर खूण होतीच. खाली चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं, टंकलेखन यंत्र, जुनी मांडणी. चार सेकंदांचं काम. त्या रविवारी मी ही यादी बघितली होती. माझ्याच हस्ताक्षरात वहीत लिहून ठेवलंय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.

सुट्टी टाकली. बाबांचं कपाट उघडलं. खालच्या खणात, त्या सफारीच्या बरोबर खाली, कापडाला चिकटवलेला अकोल्याच्या टंकलेखन संस्थेचा तक्ता. कुठल्या कळेवर कुठलं अक्षर, सगळं छापलेलं. कोपऱ्यात शाईने: खंडू तायडे, १९६७. ते हाच मागत होते. मी त्यांना सफारी दिला.

संगणकावरचं कापड काढलं. एका बाजूला तक्ता, एका बाजूला ही वही. मी जे जे चेष्टेने आणि डॉक्टरांना पुरावा म्हणून उतरवलं होतं, ते एकेका कळेने उलटं लावत गेलो.

हकुप म्हणजे नाही. भात नाही. टीव्ही नाही. बदलापूर नाही, नाही, नाही, नाही, नाही.

गक.कप म्हणजे पाणी. मध्ये पूर्णविराम नव्हता, तो ण होता. सात वेळा. मी चार हातांवर बसलो होतो.

ाकयकौरप म्हणजे माधुरी. फोन वाजत होता आणि ते मला सांगत होते, माधुरी.

रकूक म्हणजे राजा. दहावीपर्यंत बाबा मला राजा म्हणायचे. मग मी मित्रांसमोर चिडलो आणि त्यांनी सोडून दिलं. तेहतीस वर्षांनी पुन्हा म्हणाले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच ओळीत. रकूक दकज. राजा वाच.

आणि शेवटचं, प्लग काढायच्या आधीचं. राजा नको.

तक्ता बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी उठून बाथरूममध्ये गेलो, नळ सोडून उभा राहिलो. त्यांनी लिहिलेल्या एकाही शब्दाला शिफ्टची कळ लागत नाही. एका हाताने शिफ्ट धरून दुसरी कळ दाबता येत नाही, म्हणून ज्यांना ती लागणार नाही असे शब्द ते शोधून शोधून वापरत होते. घ ला शिफ्ट लागते. म्हणून तीन आठवड्यांत एकदाही घर असं लिहिलं नाही. समज किती राहिलीय ते तपासत होतो आम्ही.

शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी लक्षात ठेवायची सोय लिनक्समध्ये आहे. अपंगांच्या सोयींमध्ये. मी पुढे गेलो होतो.

सुलक्षणा शाळेतून आल्यावर तिला सांगितलं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आपण त्याची भाजी केली रे, प्रीतम. त्यांच्या 'नाही'ची." मी माधुरीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पुठ्ठा सांगितला होता मी."

रविवार, १९ ऑक्टोबर.

माझा लॅपटॉप काल दिवसभर बसून तयार केला होता. जुनी मांडणी, शिफ्ट लक्षात ठेवणारी सोय, अक्षरं बोटाएवढी मोठी, कळ दाबली गेल्याचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदा एकही गोष्ट आहे तशी ठेवली नाही. गाडीत सुलक्षणा म्हणाली, परत येताना मागच्या सीटवर उशी लागेल, म्हणून उशीही घेतली. नवी बाईसुद्धा बघून ठेवली होती, सोमवारपासून यायला तयार.

व्हरांड्यात बाबा खुर्चीत बसले होते. त्यांच्या मांडीवर औषधांच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. त्यावर मार्करने अ आ इ ई, सगळी अक्षरं, काना-मात्रांसकट. शेजारी त्या दिवशी माझं बोट सोडवणाऱ्या बाई. त्यांचं नाव शकुताई. बाबा पुठ्ठ्यावर भराभर बोट फिरवत होते आणि शकुताई मोठ्याने जुळवत होत्या, "वा, र, वारा... सु, ट, सुटलाय. होय बाबा, सुटलाय खरा. शाल आणू?"

मी तिथेच थांबलो.

"या, या," शकुताई म्हणाल्या. "बाबा, लेक आला तुमचा."

"हे कधीपासून?" मी पुठ्ठ्याकडे बोट केलं.

"आले त्याच्या चौथ्या दिवसापासून. पाणी हवंय का, भूक लागलीय का, विचारून विचारून दमले मी, मग म्हटलं अक्षरं काढून बघू. अहो, सगळं सांगतात! आमच्या नोटीस बोर्डावरच्या सात चुका काढल्या त्यांनी. संध्याकाळी चार म्हातारे जमतात यांच्याभोवती, कोर्टातले किस्से ऐकायला." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असेल असंच वाटलं आम्हाला. घरी बोलतच असतील ना तुमच्याशी."

मी हो म्हटलं.

बाबांच्या समोर खाली बसलो. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला, पुठ्ठा शकुताईंनी अलगद काढून घेतला. जे सांगायचं ते सांगितलं. मांडणी चुकीची होती, तुमचं चुकत नव्हतं, माझं चुकलं. पाणी मागत होतात, मी शेजारी होतो. तक्ता सापडला. बाबा ऐकत होते. मान हलत होती ती नेहमीसारखीच. हसले नाहीत, रडलेही नाहीत.

"बाबा, आता सगळं नीट उमटतं. गाडी बाहेर उभी आहे. येता ना घरी?"

डावा हात कीबोर्डवर आला. मधल्या ओळीतला उंचवटा चाचपला. स्क्रीनकडे न बघता, माझ्याकडे बघत त्यांनी चार कळा दाबल्या. त्या चार कळा मला आता पाठ आहेत, स्क्रीनवर बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. मोठ्या अक्षरात, स्वच्छ, एकही चूक नाही.

नाही

"का बाबा?" सुलक्षणाने विचारलं.

बाबांनी थोडा विचार केला. मग शिफ्टची कळ दाबून सोडली, ती लक्षात राहते की नाही ते एकदा बघून घेतलं, आणि सावकाश पुढची ओळ लिहिली. लिहून झाल्यावर शेवटी पूर्णविराम दिला, बरोबर जागी. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि पुठ्ठ्यासाठी शकुताईंपुढे हात केला.

इथे वाचतात.